के. के. रेंजवरून रॉकेट का उडत नाही?

प्रश्न : नगरजवळ के. के. रेंजसारखी हजारो एकर मोकळी जमीन लष्कराकडे आहे. रणगाडे-तोफांचा सराव तिथे चालतोच. मग इस्रोची रॉकेटं तिथून का सोडत नाहीत? श्रीहरिकोट्याला असं वेगळं काय आहे?
— एक वाचक, राहुरी

उत्तर : श्रीहरिकोट्याच्या पूर्वेला समुद्र आहे आणि के. के. रेंजच्या पूर्वेला मराठवाडा आहे. खरं उत्तर एवढंच. पण पूर्वच का आणि समुद्रच का, हे समजून घ्यायचं तर आधी एक गैरसमज बाजूला ठेवावा लागतो. रॉकेटचं काम वर जाणं आहे, असं आपल्याला वाटतं. टीव्हीवर दिसतंही तसंच. धूर, ज्वाळा आणि सरळ वर निघालेला खांब. ती फक्त सुरुवात असते. थोड्याच वेळात रॉकेट तिरकं होतं, आणखी तिरकं होतं आणि शेवटी जमिनीला जवळजवळ समांतर धावू लागतं. इंधनाचा मोठा वाटा खर्च होतो तो या आडव्या धावण्यावर.

अवकाश तसं फार लांब नाही. समुद्रसपाटीपासून 100 किलोमीटरवर अवकाश सुरू होतं असं संकेताने मानतात. नगरहून पुण्याला निघालात आणि तो रस्ता सरळ आकाशात उभा केला, तर वाघोलीच्या आसपास तुम्ही अवकाशात पोहोचाल. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक साधारण 400 किलोमीटरवर फिरतं. नगरपासून हैदराबाद सरळ रेषेत त्याहून लांब आहे. वर जाऊन लगेच खाली यायचं असेल तर छोटं रॉकेटही पुरतं. 21 नोव्हेंबर 1963 रोजी केरळातल्या थुंब्याहून उडालेलं पहिलं रॉकेट अशाच जातीचं होतं. वरच्या वातावरणाची मोजमापं घ्यायची आणि समुद्रात पडायचं, एवढंच त्याचं काम.

वर राहायचं असेल तर मात्र हिशेब बदलतो. 400 किलोमीटरवर टिकून फिरायला सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर, म्हणजे ताशी साडेसत्तावीस हजार किलोमीटरहून जास्त आडवा वेग लागतो. या वेगाने नगर ते पुणे अंतर पंधरा सेकंदांत संपतं. एक किलो वस्तू त्या उंचीवर नुसती नेऊन ठेवायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या जवळजवळ आठपट ऊर्जा तिला हा वेग द्यायला लागते. पीएसएलव्ही सुमारे 320 टनांचं रॉकेट आहे. ध्रुवीय कक्षेत ते पोहोचवतं पावणेदोन टन. बाकी बहुतेक सगळं वाटेत जळतं किंवा गळून पडतं.

आता पूर्वेचं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि तिच्याबरोबर आपणही. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला 465 मीटर असतो. उत्तरेला सरकावं तसा कमी होतो. श्रीहरिकोट्याला तो 452 मीटरच्या आसपास भरतो, नगरच्या 19 अक्षांशावर 440. पूर्वेकडे उडणाऱ्या रॉकेटला हा वेग फुकट मिळतो. पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. नगर आणि श्रीहरिकोटा यांच्यातला फरक सेकंदाला जेमतेम 12 मीटरचा आहे, 7,700 मध्ये 12. दक्षिणेकडची जागा म्हणून श्रीहरिकोटा निवडलं, असं पुस्तकांतून वाचायला मिळतं. ते खोटं नाही, पण तेवढ्यावर के. के. रेंज बाद होत नाही. ती बाद होते ती खाली काय आहे यावरून.

रॉकेट टप्प्याटप्प्याने हलकं होत जातं. इंधन संपलेलं नळकांडं ओझं होतं, म्हणून ते सोडून द्यायचं. पहिला टप्पा तळापासून शेकडो किलोमीटरवर पडतो. श्रीहरिकोट्याहून उड्डाण असलं की बंगालच्या उपसागराचा ठरलेला पट्टा जहाजांना आणि विमानांना बंद केला जातो, आणि टप्पे तिथे जाऊन पडतात. तेच रॉकेट नगरहून पूर्वेकडे सोडलं तर खाली येतात बीड, परभणी, नांदेड आणि पुढे तेलंगणा. या दिशेला समुद्र लागेपर्यंत जवळपास हजार किलोमीटर जमीन आहे, आणि त्या जमिनीवर माणसं राहतात. रणगाड्यांच्या सरावाला वाढीव जमीन हवी असा विषय निघाला की राहुरी, पारनेर आणि नगर तालुक्यातली गावं अस्वस्थ होतात. इथे तर अर्धा मराठवाडाच मोकळा करावा लागेल.

हे झालं सगळं सुरळीत पार पडलं तर. बिनसलं तर काय, याचा विचार तळ निवडतानाच करावा लागतो. 25 डिसेंबर 2010 रोजी इस्रोचं जीएसएलव्ही उड्डाणानंतर मिनिटभरात भरकटलं आणि हवेतच फुटलं. अवशेष समुद्रात पडले, कोणाला ओरखडाही आला नाही. हे के. के. रेंजवर झालं असतं तर ते राहुरी किंवा नेवाशाच्या उसात पडले असते.

मग चीनचं कसं, असं कोणी विचारील. चीनने शीतयुद्धाच्या काळात शत्रूपासून लांब असावेत म्हणून आपले तळ देशाच्या पोटात बांधले. सिचुआन प्रांतातला शीचांग तळ हा त्यांपैकीच एक. त्याची किंमत तिथल्या खेड्यांनी मोजली. फेब्रुवारी 1996 मध्ये 'लाँग मार्च 3बी' या रॉकेटचं पहिलंच उड्डाण काही सेकंदांत कलंडलं आणि ते जवळच्या टेकडीवर आदळलं. चीनने मृतांचा आकडा सहा सांगितला. त्यावर आजही वाद आहे. अखेर चीननेही हायनान बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वेनचांग इथे नवा तळ बांधला आणि 2016 पासून वापरायला घेतला. अमेरिकेचा केप कॅनाव्हरल, युरोपचा फ्रेंच गयानातला कौरू, आपलं श्रीहरिकोटा : नकाशावर बोट ठेवून पाहा, सगळ्यांच्या पूर्वेला पाणी आहे.

'मग कोकण काय वाईट?' हा पुढचा प्रश्न गृहीतच धरतो. कोकणाला समुद्र आहे, पण पश्चिमेला. पश्चिमेकडे उडवायचं तर पृथ्वीच्या फिरण्याचा फायदा मिळणं दूरच, तो वेग आधी भरून काढावा लागतो. पूर्वेच्या तुलनेत सेकंदाला 880 मीटरचा तोटा. इस्रायल हा तोटा सोसून भूमध्य समुद्रावर पश्चिमेकडे रॉकेट सोडतो, कारण त्याच्या पूर्वेला शेजारी देश आहेत. आपल्यावर ती वेळ नाही.

श्रीहरिकोट्याच्या शोधात एक मराठी नाव आहे, आणि ते आपल्याकडे हवं तेवढं घेतलं जात नाही. एकनाथ वसंत चिटणीस. कोल्हापूरला 1925 साली जन्म, आणि विक्रम साराभाईंच्या अगदी पहिल्या सहकाऱ्यांपैकी एक. थुंबा लहान रॉकेटांसाठी उत्तम होतं, कारण पृथ्वीचं चुंबकीय विषुववृत्त तिथून जवळ जातं. पण उपग्रह सोडायचे तर पूर्व किनारा हवा होता. तो शोधण्याचं काम साराभाईंनी चिटणीसांवर सोपवलं. 1969 मध्ये श्रीहरिकोटा पक्कं झालं, ऑक्टोबर 1971 मध्ये तिथून पहिलं छोटं रॉकेट उडालं आणि 18 जुलै 1980 रोजी एसएलव्ही-3 ने रोहिणी उपग्रह कक्षेत नेला. चिटणीस पुढे अहमदाबादच्या अवकाश उपयोजन केंद्राचे संचालक झाले, 1985 मध्ये पद्मभूषणचे मानकरी ठरले, आणि वयाची शंभरी पूर्ण करून ऑक्टोबर 2025 मध्ये पुण्यात वारले.

श्रीहरिकोटाही निर्दोष नाही. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेसाठी दक्षिणेकडे उडायचं तर वाटेत श्रीलंका येते. तिला वळसा घालावा लागतो आणि वळशात इंधन जातं. मोठ्या रॉकेटला हा खर्च झेपतो, छोट्याला जड जातो. म्हणून तमिळनाडूत तुतुकुडी जिल्ह्यात कुलशेखरपट्टणम इथे दुसरा तळ उभा राहतो आहे. त्याचं भूमिपूजन 28 फेब्रुवारी 2024 रोजी झालं. तिथून दक्षिणेकडे थेट मोकळा समुद्र मिळतो. तळाची जागा ठरते ती अशी, खाली कोण राहतं ते बघून. के. के. रेंजचा माळ कितीही मोकळा असला तरी तो या परीक्षेत बसत नाही.

प्रश्न : मी सातवीत आहे. आमच्या तालुक्यात कळसूबाई शिखर आहे. त्याच्याही कितीतरी वर गेलं की गुरुत्वाकर्षण संपतं आणि अंतराळवीर तरंगतात, हे बरोबर आहे का? आणि कळसूबाईवरून रॉकेट सोडलं तर इंधन वाचेल का?
— एक विद्यार्थी, अकोले

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाने सुरुवात करू, कारण त्याचं उत्तर लहान आहे. कळसूबाई 1,646 मीटर उंच आहे. आपल्या राज्यात सगळ्यांत उंच, पण 400 किलोमीटरमध्ये दीड-पावणेदोन किलोमीटर म्हणजे काहीच नाही. वर हवा थोडी विरळ असते, तेवढाच किरकोळ फायदा. आणि शेकडो टनांचं रॉकेट बारी गावातून वर नेणार कसं? शेवटच्या टप्प्याला लोखंडी शिड्या आहेत, ठाऊक आहे ना!

आता गुरुत्वाकर्षण. ते संपत नाही. 400 किलोमीटरवर ते जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के असतं. तेवढ्या उंचीचा मनोरा बांधून त्यावर वजनकाटा ठेवला आणि साठ किलोचा माणूस उभा केला, तर काटा 53 दाखवील. माणूस तरंगणार नाही. तेव्हा 'अवकाशात गुरुत्वाकर्षण नसतं' हे वाक्य वहीत लिहिलं असशील तर खोडून टाक.

मग तरंगतात कसे? ते सगळे पडत असतात म्हणून. अंतराळवीर पडतो, त्याचं यान पडतं, हातातून सुटलेलं पेनही पडतं, आणि सगळं सारख्याच वेगाने पडतं. पायाखालची फरशीच तुझ्याबरोबर पडत असेल तर ती तुझ्या पायांना दाबणार कशी? आणि वजन जाणवतं ते याच दाबामुळे. मढीच्या यात्रेत आकाशपाळण्यात बसला असशील, तर पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो आणि क्षणभर आपण हलके झालो असं वाटतं. स्थानकावर हेच चालू असतं, फक्त पूर्णपणे आणि महिनोन्‌महिने.

पडतात तर जमिनीवर आदळत का नाहीत? यासाठी तुझं कळसूबाई कामाला येईल. समज, माथ्यावर तोफ ठेवली, हवा अजिबात नाही आणि वाटेत डोंगरही नाहीत. गोळा आडवा सोडला. पहिल्या सेकंदात तो सुमारे 4.9 मीटर खाली येतो. कितीही जोरात सोडला तरी तेवढाच. पण पृथ्वी गोल आहे. सरळ आठ किलोमीटर पुढे गेलास तर जमीनसुद्धा जवळजवळ पाच मीटर खाली वळलेली असते. म्हणजे गोळा सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने सोडला तर तो जेवढा खाली पडेल तेवढीच जमीन त्याच्याखालून दूर जाईल. तो पडत राहील आणि जमीन कधीच लागणार नाही. पृथ्वीभोवती फेरी मारून तो मागून पुन्हा कळसूबाईवर येईल, तेव्हा खाली वाक! न्यूटनने सतराव्या शतकात हाच विचार एका काल्पनिक डोंगराबाबत केला होता.

म्हणून आधीच्या उत्तरात आडव्या वेगावर एवढा भर दिला. अवकाशात राहणं म्हणजे पुरेशा वेगाने पडत राहणं. भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला 25 जून 2025 रोजी फ्लोरिडाहून उडाले आणि दुसऱ्या दिवशी स्थानकावर पोहोचले. 6 जुलैला आषाढी एकादशी होती. पंढरपुरात वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात उभे होते, तेव्हा शुक्ला दिवसाला साडेपंधरा फेऱ्या या हिशेबाने पृथ्वीभोवती पडत होते. एका फेरीला दीड तास लागतो, त्यामुळे दिवसभरात पंधरा-सोळा वेळा सूर्य उगवतो आणि तितक्याच वेळा मावळतो.

सततचं पडणं शरीराला मानवत नाही. पायांवर भार नसल्यामुळे हाडं झिजतात. कंबर आणि मांडीच्या हाडांची घनता महिन्याला एक टक्क्याच्या आसपास घटते. शरीरातलं पाणी डोक्याकडे सरकतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतो. म्हणून दीर्घ मुक्कामाला गेलेले सगळे जण पट्ट्यांनी स्वतःला यंत्राला बांधून रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. बाहेरचं हवामानही विचित्र. हवाच नाही, त्यामुळे उन्हातला पत्रा शंभर अंशांच्या वर तापतो आणि सावलीतला शून्याखाली शंभरच्याही खाली जातो. थंडी वाजणं ही तिथली खरी अडचण नसते. वारा नाही, पाणी नाही, मग आतली उष्णता बाहेर टाकायची कशी? ती फक्त प्रारणाने जाते, आणि त्यासाठी स्थानकाला मोठाले पंखासारखे फलक जोडलेले आहेत.

प्रश्न : 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशातून काहीतरी जळत गेलं आणि चंद्रपूर जिल्ह्यात लोखंडी कडं पडलं. असं काही आपल्या जिल्ह्यात पडू शकतं का? पडलं तर काय करायचं?
— एक वाचक, कोपरगाव

उत्तर : पडू शकतं. शक्यता अगदी थोडी आहे, पण शून्य नाही.

2 एप्रिल 2022 च्या त्या संध्याकाळी विदर्भ, खानदेश आणि मध्य प्रदेशातून लोकांनी आकाशात ठिणग्यांची रांग जाताना पाहिली. उल्का इतकी सावकाश जात नाही. ती सेकंद-दोन सेकंदांत विझते. हे बराच वेळ दिसलं, तुकड्या-तुकड्यांत दिसलं, आणि सगळे तुकडे एकाच वाटेने चालले होते. परत येणाऱ्या यंत्राची खूण हीच. सिंदेवाही तालुक्यात लाडबोरीला आठ-दहा फूट व्यासाचं धातूचं कडं मिळालं आणि आसपासच्या गावांत पोकळ गोळे सापडले. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं की हा फेब्रुवारी 2021 मध्ये उडालेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा. रॉकेट कोणतं? लाँग मार्च 3बी. पहिल्या उत्तरात शीचांगच्या टेकडीवर आदळलं त्याच प्रकारचं.

उपग्रह सोडून दिल्यावर असे टप्पे मालकाविना फिरत राहतात. त्यांची कक्षा लांबट असते आणि पृथ्वीजवळ येताना दर फेरीला विरळ हवेतून जाते. दर वेळी थोडा वेग कमी होतो, आणि वेग गेला की टिकणं गेलं. स्थानकालाही ही हवा सोडत नाही. ते महिन्याला किलोमीटर-दोन किलोमीटर खाली येतं आणि इंजिन पेटवून त्याला पुन्हा वर ढकलावं लागतं. माणसं घेऊन येणारं यान याच हवेचा मुद्दाम उपयोग करतं. परतताना ते इंजिनाने सेकंदाला फक्त शंभरेक मीटर वेग कमी करतं. बाकीचे साडेसात किलोमीटर हवा कमी करते. पुढची हवा एकदम दाबली जाऊन इतकी तापते की यानाच्या ढालीबाहेर दीड-दोन हजार अंश होतात. लोक याला घर्षण म्हणतात. खरा वाटा दाबाचा आहे. जो वेग मिळवायला शेकडो टन इंधन जाळलं, तो असा उष्णतेच्या रूपाने परत द्यावा लागतो.

ढाल नसलेला टप्पा यात मोडतो आणि बहुतेक जळून जातो. पण दाबाने भरलेले गोळे जाड आणि चिवट असतात, त्यांचा धातू वितळायला फार तापमान लागतं, आणि पोकळ असल्यामुळे ते लवकर मंदावतात. म्हणून जमिनीवर पुन्हा पुन्हा हेच गोळे सापडतात. आपला जिल्हा 19 अक्षांशावर आहे. ज्या वस्तूची कक्षा त्याहून जास्त कललेली असेल तिच्या वाटेखाली तो येतोच.

सापडलं तर हात लावू नका. काही टाक्यांत हायड्रॅझिनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं, आणि भंगारवाल्याला बोलवण्याचा मोह इथे जिवावर बेतू शकतो. लांब थांबा, पोरांना लांब ठेवा, पोलीस पाटील किंवा तहसीलदारांना कळवा. नुकसान झालं तर 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार भरपाईची जबाबदारी रॉकेट सोडणाऱ्या देशाची असते. मागणी मात्र सरकारमार्फतच जाते. वस्तूची मालकीही त्याच देशाची राहते, तेव्हा ती ओट्यावर शोभेला ठेवायचा विचार नको.

प्रश्न : अवकाश स्थानक नगरहून नुसत्या डोळ्यांनी दिसतं का?
— एक वाचक, जामखेड

उत्तर : दिसतं, आणि चांगलं ठळक दिसतं. त्याची कक्षा विषुववृत्ताशी 51.6 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे नगर जिल्हा अधूनमधून त्याच्या वाटेखाली येतो. सूर्य मावळल्यावर किंवा उगवण्याआधी, आपल्याकडे अंधार आणि वर स्थानकावर ऊन अशी वेळ लागते. विमानासारखा लुकलुकणारा दिवा नसतो, आवाज नसतो. शुक्राएवढा तेजस्वी ठिपका एका बाजूने येतो आणि फार तर सहा मिनिटांत आकाश पार करतो. कधी मध्येच विझतो, कारण तो पृथ्वीच्या सावलीत शिरलेला असतो. दुर्बीण लागत नाही, उलट तिच्यात पकडणंच अवघड. नासाच्या 'स्पॉट द स्टेशन' या मोफत सेवेत आपल्या गावचं ठिकाण टाकलं की दिवस, वेळ आणि दिशा मिळते. पावसाळा सोडून पाहा, आणि जमलं तर शहराच्या उजेडापासून लांब, भंडारदऱ्याकडे जा. हे स्थानक 2030 नंतर कक्षेतून खाली आणून प्रशांत महासागरात पाडायचं ठरलं आहे, तेव्हा पाहायचं असेल तर फार लांबणीवर टाकू नका.